इतिहास-भूगोलाचा पहिला धडा घरातच

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांना आपल्या राज्याचा इतिहास-भूगोल शिकवणे हे गुरुजींचे काम, असे आपण समजतो. मी स्वतः सातवीपर्यंतच शिकलेली. पण मला वाटते, या विषयाचा पहिला धडा घरातच असतो आणि तो आईलाच चांगला देता येतो.

मुले महाराष्ट्राचे ३६ जिल्हे घडाघडा म्हणतात. पण सह्याद्री आपल्या घरापासून कोणत्या दिशेला, असे विचारले की गप्प बसतात. त्यांना सूर्य उगवतो ती बाजू दाखवावी. समुद्रावरून आलेले ढग त्या डोंगराला अडतात, म्हणून आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटापलीकडे माण तालुक्यात ५०० मिलिमीटरसुद्धा मुश्किलीने. आपल्याकडे भात आणि तिकडे ज्वारी-बाजरी का, हे पानावर वाढतावाढता सांगून होते.

जयगडची खाडी मुलांनी पाहिलेली असते. तिथे समुद्राला मिळणारी शास्त्री नदी सह्याद्रीतून निघून संगमेश्वरावरून येते. त्याच संगमेश्वरात १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले. एवढे सांगितले की धड्यातले नाव आपल्या ओळखीच्या पाण्याशी जोडले जाते. किल्ला खाडीच्या तोंडाशीच का बांधला, हे मात्र मुलांनाच विचारावे. बुरुजावर उभी राहिली की उत्तर ती आपणहून देतात.

केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली आपल्या मालगुंडात जन्मले. त्यांचे स्मारक पाहायला लांबून माणसे येतात. आपल्या मुलांना मात्र ते कोण हे ठाऊक नसावे, हे बरे नव्हे. तसेच १ मे १९६० रोजी झालेल्या महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, हेही त्यांना ध्वजवंदनाच्या दिवशी सांगावे.

उद्या यातली बरीच मुले पोटासाठी मुंबई-पुण्याला जातील. गाव कुठले, असे कोणी विचारले तर नावापुढे चार गोष्टी त्यांना अभिमानाने सांगता याव्यात. आज आपण त्या सांगितल्या नाहीत, तर मागून कोण सांगणार?

म्हणून माझी सूचना अशी : मंडळाच्या खोलीत जिल्ह्याचा व राज्याचा नकाशा लावावा आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांना जयगडला न्यावे. जिला जे ठाऊक तिने ते सांगावे. भरती-ओहोटी आपल्या खारवी भगिनींनी, भाताची जमीन शेतावर राबणाऱ्यांनी, जुन्या आठवणी आजीबाईंनी. पुस्तक गुरुजी शिकवतीलच.