पेरुगु, पप्पू आणि मिलो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय गुरुजन, बाई, आणि आजच्या दिवसासाठी केस रंगवून आलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञान आणि उद्याची पिढी' असा विषय दिला होता. तो मी नम्रपणे परत केला. दुपारी साडेबारा वाजता भुकेल्या माणसांपुढे तंत्रज्ञानावर बोलणं बरं नव्हे. मी बोलणार आहे ते खाण्यापिण्यातल्या गैरसमजांबद्दल. शिर्डीत वाढलेल्या माणसाला या विषयाची वेगळी तयारी करावी लागत नाही.

आपण शाळेत होतो तेव्हा गावात रेल्वे नव्हती, विमानतळ तर स्वप्नातही नव्हता. रेल्वे आली 2009 साली, काकडीचा विमानतळ 2017 साली. तेव्हा भाविक कोपरगावला नाहीतर मनमाडला उतरायचे, तिथून एसटीनं नाहीतर जीपनं यायचे, आणि आल्याआल्या त्यांना भूक लागलेली असायची. त्यात आंध्रकडची मंडळी भरपूर. आमची सहा टेबलांची घरगुती खानावळ होती, हे तुमच्यातल्या उधारीवाल्यांना आठवत असेलच.

वाढायला माझा मामेभाऊ होता. घरात सगळे त्याला पप्पू म्हणायचे. नवीन आला तेव्हा पंधरा वर्षांचा असेल. पहिल्याच दिवशी एका कुटुंबातल्या आजोबांनी ताटावरून मान वर करून म्हटलं, "पप्पु!" हा धावत गेला. पलीकडच्या टेबलावरून हाक आली, "इंकोंचेम पप्पु!" हा तिकडे धावला. दुपारपर्यंत त्याची खात्री पटली की या लोकांना काहीतरी अंतर्ज्ञान आहे. परराज्यातली माणसं, कधी न पाहिलेली, आणि बरोबर नावानं हाक मारतात! आईला त्यानं डोळे विस्फारून सांगितलं. तेलुगूत पप्पु म्हणजे वरण, हे तिला आधीच ठाऊक होतं. पण तिनं आठ दिवस त्याला सांगितलं नाही. इतक्या चपळाईनं वाढणारा पोरगा तिला पुन्हा मिळाला नसता.

गल्लीच्या तोंडाशी पेरूची हातगाडी असायची. त्या मामांकडे एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "पेरुगु उंदा?" मामा म्हणाले, "पेरू गोड आहे ताई, उंदीर-बिंदीर काही लागलेला नाही." बाईंनी पुन्हा विचारलं. मामांनी एक पेरू कापून, मीठ लावून हातात ठेवला. बाई त्या पेरूकडे बघत राहिल्या. पेरुगु म्हणजे दही, आणि त्यांना ते लेकराच्या भातावर घालायला हवं होतं. शेवटी पप्पूनं आमच्याकडून वाटीभर दही नेऊन दिलं. मामा हुशार. महिन्याभरात ते "जामकाया, जामकाया" असं ओरडायला शिकले. तेलुगूत पेरूला जामकाया म्हणतात. मग गावातलीच माणसं विचारायला लागली, "मामा, जाम काय झालंय?"

"या, बसा" यातल्या 'या'साठी तेलुगूत जो शब्द आहे, तो मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. मंदिर रस्त्यावरच्या दुकानदारांच्या मुलांना तो माहीत आहे. ती आत्ता हसतायत, त्यावरून ओळखा.

गैरसमज एकाच बाजूनं होत नसत. गुरुवारी अर्ध्या गावाचा उपवास. गुंटूरकडच्या एका गृहस्थांनी आईला हिंदीत विचारलं, उपवासाला तुम्ही काय खाता? आईनं सांगितलं: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड चकत्या, राजगिऱ्याचा लाडू. ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "और उपवास कब करते हैं?" याच गृहस्थांना आईनं ठेचा वाढताना तीनदा बजावलं होतं की तिखट आहे, जपून घ्या. त्यांनी तो भातात कालवून खाल्ला आणि आणखी मागितला. साखरेचा डबा घेऊन धावलेली आई तशीच परत फिरली.

आता गंमत बघा. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, राजगिरा, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. राहात्याचा ज्याचा आपल्याला अभिमान, तो पेरूसुद्धा तिकडचाच. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, वास्को द गामा 1498 साली कालिकतला आला, आणि नंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून ही मंडळी आपल्याकडे आली. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा तिथल्या कोणत्याही स्वयंपाकघरात मिरची नव्हती. म्हणजे आपला सगळ्यात सोवळा फराळ हा सगळ्यात परदेशी फराळ आहे. हे मी सासूबाईंना एकदा एकादशीला सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे, आणखी थोडी घे."

लोणीला इंजिनिअरिंग करून मी हैदराबादला नोकरीला लागले, तेव्हा खानावळीतल्या तेलुगूवरच निभावलं. घरमालकीणबाईंनी माझ्या खोलीतल्या नगरच्या मैत्रिणीला पहिल्या दिवशी विचारलं, "चेपलु तिंटारा?" म्हणजे मासे खाता का? तिनं ताबडतोब हिंदीत उत्तर दिलं, "हो, बाहेरच काढून ठेवल्यात." बाईंनी दाराबाहेर जाऊन मासे शोधले.

सगळेच किस्से हसण्यासारखे नसतात. आमच्या टीममधला एक मुलगा घरचा कडक शाकाहारी. जर्मनीत सहा महिने होता. तिथं पिझ्झ्यावर पेपरोनी मागितली की मिरच्या येतात, हे त्याला पाठ झालं. मग तो अमेरिकेत आला आणि आत्मविश्वासानं पेपरोनी पिझ्झा मागवला. अमेरिकेत ते मांस असतं. दोन घास गेल्यावर शेजारच्यानं सांगितलं. आमच्या धंद्यात एकाच नावाच्या व्हेरिएबलमध्ये दोन ठिकाणी दोन किमती असल्या की प्रोग्रॅम कोसळतो. इथं माणूस कोसळला. दोन दिवस जेवला नाही. ऑफिसात एकदोघं हसली, तेव्हा आमच्या मॅनेजर, ज्यांना शाकाहाराचं काहीच सोयरसुतक नव्हतं, त्यांनी त्यांना गप्प केलं.

आता आईचा किस्सा. तिला विचारून सांगते आहे; ती समोर बसली आहे, चुकलं तर थांबवेल.

2011 साली ती माझ्याकडे न्यू जर्सीला आली होती. एका मोठ्या दुकानात, आरोग्याच्या नावाखाली चौपट भाव लावतात त्या विभागात, मी तिला एक पिशवी दाखवली. सॉर्गमचं पीठ. म्हटलं, आई, ही बघ अमेरिकन ज्वारी. तिनं पिशवीवरचं चित्र जवळ धरून पाहिलं. तांबूस दाणे. आणि भर दुकानात मोठ्यानं म्हणाली, "अगं, हा तर मिलो!"

मिलो हा शब्द मी घरात कधी ऐकला नव्हता. आईचं माहेर पारनेर तालुक्यातलं. 1972च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे 1977चा रोजगार हमी कायदा झाला, हे आपण नागरिकशास्त्रात दोन गुणांसाठी पाठ केलं. आई तिथं पाटी घेऊन होती. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी यायची, तोच मिलो. गावात बोललं जायचं की अमेरिकेत हे जनावरांना घालतात. ही अफवा नव्हती. कॅन्सस, टेक्सासमध्ये पिकणारा मिलो तेव्हा मुख्यतः गुराढोरांच्या खाद्यालाच जायचा. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लेल्या घरात ती लाल भाकरी ताटात आली की आजोबा भिंतीकडे तोंड करून जेवायचे. भाकरी तव्यावर टाकतानाच मोडायची. आजी तुकडे जोडून वाढायची. हे आईनं लग्नानंतर सासरी कधी सांगितलं नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईनं जनावरांचं खाल्लं होतं, हे लोकांना कशाला कळायला हवं?

तिनं ती पिशवी घ्यायला लावली. किंमत मी रुपयांत सांगितली नाही. घरी येऊन तिनं पाणी खळखळून उकळलं, पिठात ओतलं, मळलं आणि भाकरी थापली. अजिबात मोडली नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च धरून ठेवतो, असं मी तिला समजावत होते. ती म्हणाली, "ते माहीत आहे गं. तेव्हा पाणी उकळायला सरपण कुठं होतं?"

माझ्या मुलीनं त्या भाकरीला शेंगदाण्याचं लोणी फासून दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. आईनं केली. स्वतः मात्र वरणभात खाल्ला.

जाता जाता एक सूचना. त्या कामांवर मुलांना सुकडी मिळायची. आईच्या सांगण्याप्रमाणे गव्हाचं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ घालून ती आज करायला सांगितली आहे. केटरर्सना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, शाळेच्या पंगतीत सुकट? सर चिडतील हो." तेव्हा शेवटच्या टेबलावर आहे ती सुकडी आहे, शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. कोरडी झाली आहे, पाणी हाताशी ठेवा.