छपरावर सोलर, तरी लाईट गेली की अंधार?

इयरफोन लावलेत ना? चला तर मग.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न: "दादा, छपरावर सोलर आहे, बाहेर रणरणतं ऊन आहे, मग लाईट गेली की आमचाही पंखा बंद का?" एवढे पैसे घातल्यावर चिडचिड होणारच.

आधी पॅनल काय करतं ते बघू. त्यात सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि चकतीच्या दोन थरांमधल्या विद्युतक्षेत्रामुळे एकाच दिशेला ढकलले जातात. झाली वीज! पण ती डीसी. आपला पंखा, फ्रीज चालतो 230 व्होल्टच्या एसीवर. हा बदल इन्व्हर्टर करतो. (आणि हो, पॅनलला ऊन हवं, उष्णता नको. मे महिन्यात चंद्रपुरात पॅनल तापलं की वीज उलट थोडी कमीच मिळते.)

आता मुद्दा. बहुतेक घरांवर असते ऑन-ग्रिड सिस्टीम. ग्रिड गेला की तिचा इन्व्हर्टर क्षणात स्वतःहून बंद होतो. हा बिघाड नाही, तशी रचनाच आहे. समजा, पावसात तार तुटली. वायरमन लाईन बंद करून खांबावर चढला, आणि तुमच्या छपरावरची वीज त्याच तारेत शिरली तर? त्याच्या जिवाशीच खेळ.

अंधार नकोच असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. खर्च मात्र बराच वाढतो. माझं स्पष्ट मत: लाईट क्वचित जात असेल तर बॅटरीच्या नादी लागू नका. गावात रोज तासन्‌तास भारनियमन असेल तर गोष्ट वेगळी.

फायदा खरा आहे तो नेट मीटरचा. दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. आपल्याकडे 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. म्हणजे 3 किलोवॉटला महिन्याला 350 च्या आसपास. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान ठेवलंय.

ठेकेदाराला बोलवायच्या आधी एकदा गच्चीवर जा. सकाळी, दुपारी, चारला पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते, त्याचे मोबाईलवर फोटो काढा. एका पॅनलवरची सावली अख्ख्या ओळीची वीज खाली आणू शकते.