सहा सामन्यांची धास्ती



बास्केटबॉलचा खेळ आपल्याकडील शाळाकॉलेजांच्या आवारांत पुष्कळांनीं पाहिला असेल. तो निघाला अमेरिकेंत. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें पीच या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास मुलांना सांगितलें. परंतु या खेळाचें वेड अंगांत भिनलेलें पाहावयाचें तर इंडियाना राज्यांत जावें. मक्याच्या शेतांचा तो मुलूख. तेथील कित्येक गांवांत शाळेचें क्रीडागृह गांवाच्या वस्तीच्या मानानें अवाढव्य बांधलेलें असतें.

या राज्यांत वेस्ट लाफायेट येथें पर्ड्यू विद्यापीठ आहे. चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हे तेथलेच पदवीधर. इंजिनियरिंगसाठीं त्याची मोठी ख्याति असल्यामुळें आपल्याकडील मुलेंही तेथें जातात. माझा एक जुना विद्यार्थी असाच गेला, शिकला आणि त्याच राज्यांत राहिला. विद्यापीठाच्या संघाला 'बॉयलरमेकर्स', म्हणजे बॉयलर घडविणारे, असें नांव आहे आणि हा गृहस्थ त्या बॉयलरवाल्यांचा कट्टर अभिमानी झाला आहे. तो मला रविवारीं फोन करतो. एके वर्षीं फेब्रुवारींत म्हणाला, "गुरुजी, संघ फार चांगला खेळतो आहे, म्हणून तर भीति वाटते."

त्याच्या या भीतीविषयींच मला आज बोलावयाचें आहे. त्याचे कचेरींतील मित्र तिला अश्रद्धा म्हणतात. हिंवाळाभर विजय मिळविणाऱ्या संघावर शंका घेणारा तो कसला अभिमानी, असें त्यांचें म्हणणें. मला तसें वाटत नाहीं. मी जन्मभर गणित शिकविलें, म्हणून प्रथम गणितच सांगतों.

हिंवाळ्यांतले सामने बव्हंशीं साखळी पद्धतीचे असतात. एक हरला तरी दुसरा आहे. मार्चांत मात्र सर्व देशाची जी स्पर्धा भरते ती बाद पद्धतीची. २०११ सालीं तींतील संघांची संख्या ६८ झाली. त्यांतले चार संघ प्राथमिक सामन्यांत गळतात, ६४ उरतात आणि मग एकदां हरला तो घरीं गेला. अजिंक्यपदासाठीं लागोपाठ सहा विजय हवेत. आतां असें धरा कीं, एखादा संघ कोणाशींही खेळला तरी १०० पैकीं ८० वेळां जिंकेल. हिंवाळ्यांत ३० सामने खेळून तो २४ जिंकेल आणि लोक त्याला डोक्यावर घेतील. पण सहाच्या सहा सामने ओळीनें जिंकण्याचा संभव काढण्यासाठीं ८० शतांशाला त्यानेंच गुणत सहा वेळां घ्या. उत्तर येतें शेंकडा २६. बरें, संघ त्याहून बलाढ्य, दहांत नऊ जिंकणारा आहे असें धरलें तरी उत्तर येतें शेंकडा ५३. एवढा मातबर संघदेखील जवळजवळ निम्म्या वेळां रिकाम्या हातांनीं परतणार! वर्षाच्या सरासरीला जें यश मिळतें तें एका वाईट संध्याकाळीं धुऊन जातें.

परंतु माझ्या विद्यार्थ्याची शंका एवढ्यानें फिटेना. "सहा नाहीं जिंकले तर नाहीं," तो म्हणाला, "आम्ही पहिलाच हरतों, त्याचें काय?" आणि त्यानें सलग तीन वर्षांचा पाढा वाचला. स्पर्धेंत चार विभाग असतात व प्रत्येकांत संघांना बळाप्रमाणें १ ते १६ असें मानांकन देतात. पर्ड्यूचा संघ २०२१ सालीं नॉर्थ टेक्सासकडून जादा वेळांत ७८-६९ असा हरला. त्या संघाचें मानांकन १३ होतें. २०२२ सालीं दोन सामने जिंकल्यावर जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सनें त्याला ६७-६४ असें घालविलें, मानांकन १५. आणि २०२३ सालीं पर्ड्यूला स्वतःला १ मानांकन असतां पहिल्याच सामन्यांत १६ मानांकनाच्या फेअरली डिकिन्सननें त्याचा ६३-५८ असा पराभव केला. "तेरा, पंधरा, सोळा. गुरुजी, पुढें आंकडाच उरला नाहीं!" विनोद त्याचाच; हंसणें मात्र मला एकट्याला जमलें.

तो १७ मार्च २०२३ चा सामना ओहायोंतील कोलंबस येथें झाला. आमचा हा गृहस्थ तेथें हजर होता. पर्ड्यूकडे झॅक ईडी नांवाचा कॅनडांतील टोरोंटोचा तरुण होता. उंची ७ फूट ४ इंच, त्या वर्षीचा देशांतला सर्वोत्तम खेळाडू. उलट फेअरली डिकिन्सनचा संघ पहिल्या श्रेणीच्या साडेतीनशेंहून अधिक संघांत सर्वांत ठेंगणा. आपल्या गटाच्या स्पर्धेंतही तो अंतिम सामना हरला होता. पण जिंकणारा मेरिमॅकचा संघ नियमानें अपात्र असल्यामुळें यांना जागा मिळाली. या ठेंगण्यांनीं राक्षसाला पुढूनमागून घेरलें आणि दूरच्या गड्यांना मोकळें सोडलें, म्हणजे लांबून टाका आणि गुण मिळवा! पर्ड्यूच्या पोरांनीं तीन गुणांच्या २६ फेंकी केल्या व त्यांतल्या ५ साधल्या. ईडीनें २१ गुण मिळविले, पण चेंडू त्याच्यापर्यंत पोंचविणेंच कठीण झालें होतें.

१ मानांकनाचा पुरुषसंघ १६ कडून हरण्याचा हा दुसराच प्रसंग. पहिला मान, मान म्हणावा तर, व्हर्जिनियाचा. २०१८ सालीं बाल्टिमोर काउंटीच्या मेरिलँड विद्यापीठानें त्याला ७४-५४ असें लोळविलें होतें. आणि तोच व्हर्जिनिया पुढच्याच वर्षीं अजिंक्य ठरला! वाटेंत ३० मार्च २०१९ रोजीं लुइव्हिल येथें त्यानें हरविलें तें पर्ड्यूलाच. कार्सन एडवर्ड्सनें पर्ड्यूसाठीं एकट्यानें ४२ गुण केले, पण अगदीं अखेरच्या क्षणीं व्हर्जिनियानें बरोबरी साधली व जादा वेळांत ८०-७५ असा सामना घेतला. तेव्हां माझ्या विद्यार्थ्याच्या भीतीला आणि आशेला पुरावा एकाच संघाकडून मिळाला आहे.

२०२४ च्या मार्चांत त्याची नऊ वर्षांची मुलगी त्याला विचारूं लागली, "बाबा, या वेळीं जिंकूं ना?" काय सांगावें म्हणून त्यानें मला विचारलें. मी म्हणालों, खरा आंकडा सांग. त्यानें शेंकडा २६ सांगितला. त्यावर तिनें फक्त पहिल्या सामन्याचा आंकडा विचारला. पोरीची गणिताची समज मला आवडली.

त्या वर्षीं प्रशिक्षक मॅट पेंटर यांनीं, जे २००५ पासून संघाची धुरा वाहत होते, ईडीभोंवतींच खेळ रचण्याची आपली रीत सोडली नाहीं. आदल्या वर्षींच्या टीकेनंतर हें धैर्याचेंच काम होतें. संघानें ग्रॅम्ब्लिंगला ७८-५० असें हरविलें. पुढें डेट्रॉइट येथें टेनेसीला ७२-६६ असें नमविलें, आणि त्या दिवशीं ईडीनें ४० गुण केले. १९८० नंतर प्रथमच पर्ड्यू अखेरच्या चार संघांत पोंचला. ८ एप्रिलला ॲरिझोनांतील ग्लेंडेल येथें अंतिम सामना कनेक्टिकटशीं झाला.

येथें कनेक्टिकटनें जें केलें तें फेअरली डिकिन्सनच्या बरोबर उलट. त्यांच्याजवळ डोनोवन क्लिंगन हा स्वतःचा उंच गडी होता. ईडीला त्यांनीं बहुतेक वेळ त्याच्यावर सोंपविलें आणि बाकीच्यांनीं लांबून चेंडू टाकणाऱ्यांना जखडून ठेविलें. ईडीनें ३७ गुण केले. संघाला तीन गुणांच्या फेंकी करावयास मिळाल्या अवघ्या ७, साधली १. निकाल ७५-६०. राक्षसाला घेरलें तरी पर्ड्यू हरला, राक्षसाला मोकळें सोडलें तरी हरला. माझ्या विद्यार्थ्याची खरी शंका ही आहे, आणि ती गुणाकारानें फिटणारी नाहीं. जो संघ एका खांबावर उभा असतो त्याला प्रतिपक्ष खांब तरी हलवितो, नाहीं तर खांब उभा ठेवून छप्पर उडवितो. हिंवाळ्यांत याचा अभ्यास करावयास प्रतिस्पर्ध्यांना सवड थोडी असते. मार्चांत थोडक्या दिवसांची फुरसतही पुरते.

ईडी २०२४ सालींच धंदेवाईक संघांत गेला. पुढच्या वर्षीं खांब नव्हता. ब्रेडन स्मिथसारखे ठेंगणे, चपळ गडी खेळ चालवीत होते. त्यामुळें शंका कमी झाली का, असें मी विचारलें. तो म्हणाला, "शंका तीच, जागा बदलली." आतां तो विजय मोजीत नाहीं, दोनच गोष्टी वहींत टिपतो : चेंडू किती वेळां हातचा गेला आणि दूरच्या फेंकी किती साधल्या. वही पाहून त्याची झोंप उडते, असें त्याची पत्नी सांगते.

तरी २०२५ सालीं विभागाचे सामने इंडियानापोलिसला होते म्हणून त्यानें आगाऊ तिकिटें काढलीं, या खेपेस मुलीचेंही. २८ मार्चला ह्यूस्टनशीं सामना झाला. ६०-६० अशी बरोबरी असतां, एक सेकंदाहूनही कमी वेळ उरला त्या क्षणीं, ह्यूस्टनच्या मिलोस उझाननें कडीखालीं येऊन चेंडू आंत टाकला. ६२-६०. परततांना मुलगी गाडींत बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें पुढच्या मार्चांतल्या सामन्यांच्या तारखा विचारल्या.