अंगणात सौर पॅनेल? आधी सावली बघा!



घरी सौर पॅनेल बसवायचेत,
पण छप्पर कौलारू आहे.
कोकणात ही अडचण घरोघरी!
कौलं काढायची, भोकं पाडायची,
आणि मग पावसाळ्यात गळती शोधायची…
नकोच ते.

मग अंगणात किंवा परसात, जमिनीवर बसवता येतील?
येतील.
पण आधी सावली बघा.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो.
सावल्या लांब पडतात.
म्हणून डिसेंबरात जागा पाहा,
सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत.
माडाची झावळी, आंब्याची फांदी, शेजारची भिंत.
एका पॅनेलवर सावली पडली,
तरी ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटू शकते.
आणि हो, आंबा वाढतो!
आज ठेंगणा दिसला, तरी पुढची वर्षं मोजा.

सावली नाही? छान.
आता जागा.
एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट लागतात.
पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे हवं.
तिथे पावसाचं पाणी तुंबतं का?
गुरं येतात का?
लोखंडी सांगाड्याला काँक्रीटचा पाया लागतो.
घरापर्यंत केबलसाठी चर खणावा लागतो.
खर्च तिथे वाढतो.
मात्र धूळ पुसायला शिडी लागत नाही.

माझं मत विचाराल, तर
पक्की, मोकळी गच्ची असेल, तर अंगण अडवू नका.
कौलारू घर आणि उघडं परसू असेल, तर जरूर विचार करा.
पण पुन्हा सांगते, आधी सावली बघा.

आणि पैसे देण्याआधी,
जमिनीवरच्या मांडणीला अनुदान मिळेल का,
हे वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्या.