आईची विळी कोणाकडे?

सावर्ड्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय आपल्या रोजच्या हातातला आहे: घरातली जुनी पाती. विळी, कोयता, कोयती, भाताचा विळा.

गेल्या पावसाआधी आमच्यातल्या एकीची आई वारली. दिवसकार्य झालं आणि घरात वाटणीचं बोलणं निघालं. तिने जमिनीचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, "आयेची विळी तेवढी मला द्या." भाऊ म्हणाले, "घे की, विळीला कोण नाही म्हणतंय?" ती माळ्यावर चढून बघते तर विळी नाही. घर आवरताना गंजक्या पत्र्यांबरोबर भंगारवाल्याला गेली होती, किलोवर. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. पण त्या विळीवर ती नारळ खवायला शिकली होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बैठकीत तिने हे सांगितलं आणि आम्ही घरी जाऊन आपापले माळे, पडव्या धुंडाळल्या. कोणाला आजेसासूची विळी सापडली, कोणाला सासऱ्यांचा कोयता, आकडीसकट. कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवून माणसं रानात जायची, हे आमच्या मुलांना आता सांगावं लागतं.

ही पाती गावच्या लोहाराने घडवलेली. त्याला रोख पैसे नसत, सुगीला भात मिळायचं. लोखंडाला धारेच्या बाजूने पोलाद जोडायचं, लाल तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. त्यालाच आपण पात्याला पाणी देणं म्हणतो. आता बरेच लोहार गाड्यांच्या जुन्या पाट्यांचं पोलाद वापरतात. तेही टिकतं, त्याला नावं ठेवायला नकोत.

जुनं पातं नीट पाहिलं तर बोलतं. विळी मधेच खोलगट झिजली असेल, तर तिथेच रोजची भाजी चिरली गेली. कोयत्याची मूठ एका बाजूने गुळगुळीत झाली असेल, तर धरणाऱ्याचा हात तिथे बसायचा. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंची कोयती उलट्या बाजूने झिजलेली निघाली. सासूबाई डावऱ्या होत्या, हे नातवंडांना त्या दिवशी कळलं.

आता सांभाळायचं कसं? आपल्याकडचा पाऊस म्हणजे लोखंडाचा वैरी. काम झालं की पातं धुवा, लगेच पुसा, कोरडं करा. पाण्यात भिजत ठेवू नका. लाल गंज आला असेल तर चुलीची राख आणि नारळाचा काथ्या घेऊन घासा, मग खोबरेल तेलाचं बोट फिरवा. काळपट झालेलं पातं मात्र खरवडू नका. तो गंज नव्हे, वापराचा रंग आहे. धार दगडावर पाणी टाकून लावा. विजेच्या चाकावर घाईने लावली तर पातं तापून निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग धार आठ दिवसही टिकत नाही. मूठ हलत असेल तर लोहाराकडे न्या, दोरी गुंडाळून वापरू नका. आणि काम नसताना पातं जाड कापडात गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

कोणी विचारतं, जुनाट वस्तू जमवून काय करायचं? पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी लहानपणी गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत ते उभं केलं. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा साध्या घरगुती वस्तू जमवल्या. लोकांनी टाकलेल्या वस्तूंचं त्यांनी मोल ओळखलं. आपल्याला काचेची कपाटं नकोत. आपली पाती वापरात राहिली आणि कोणाची होती ते कळलं, तरी पुरे.

काही जणींना भीती वाटते, कोयता घरात ठेवला तर पोलीस विचारतील का? १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात धरलेल्या नाहीत. पण कोयता कामाला न्या, जत्रेत किंवा भांडणात नको.

आणि वारसा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या मालकीच्या वस्तूंवर मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क असतो. इतर धर्मांच्या मैत्रिणींचे नियम वेगळे आहेत, ते विचारून घ्यावेत. पण विळीसाठी कोणी कोर्टात जात नाही. म्हणून सोपी वाट धरा: जिवंतपणी, आपल्या हाताने, चारचौघांसमोर देऊन टाका. अशा वस्तूच्या दानाला नोंदणीचा कागद लागत नाही, दिली आणि घेतली की झालं. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं, असं आपल्या मोठ्या बाया म्हणत. त्यात शहाणपण आहे, हात कापत नाही. खाली ठेवा, लेकीला किंवा सुनेला उचलू द्या.

येत्या खंडेनवमीला आपण अवजारं पुजायला काढू. तेव्हा प्रत्येक पात्याबद्दल चार गोष्टी वहीत लिहा: कोणाचं होतं, कुठून आलं, त्याने काय काम झालं, पुढे कोणाला द्यायचं. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, ती लिहील.

आमच्या गटाने अशी वही केली आहे. तिचं पहिलं पान आमच्या त्या मैत्रिणीच्या आईच्या विळीचं आहे. विळी आता नाही. पण तिचा पाट केवढा होता, खवणीचा एक दात कसा तुटला होता, आई कुठल्या अंगाला बसायची, हे सगळं तिने सांगितलं आणि आम्ही लिहून घेतलं. बाकीची पानं अशी नकोत, एवढंच आमचं म्हणणं.