बड्डे गुराख्याचा, खर्च आपल्या आवाक्यातला

(केशोरी येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)

अध्यक्षताई, सचिवताई आणि सगळ्या गटांतून आलेल्या माझ्या तायांनो,

आज आपल्यापुढे कर्जमागणीचा विषय आहे. मागणीच्या कारणांत अलीकडे एक कारण पुन्हा पुन्हा येते, ते म्हणजे मुलाचा वाढदिवस. हे कारण वाचलं की काही ताया हसतात. मला वाटतं, हसू नये. आपल्यापैकी कित्येकींची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने दाखल्यावर टाकली. जिचा वाढदिवस कधी झालाच नाही, तिला लेकराचा करावासा वाटणारच. तो करावा. फक्त कसा करायचा, ते आपण ठरवू.

परवा एका ताईने विचारलं, "म्याडम, पोरगा म्हणते, मले काऊबॉयवाला बड्डे पायजे. ते काय रायते?" मुलाने मोबाईलवर पाहिलं होतं. मोठी टोपी, गळ्यात रुमाल, हातात दोर. बाजारात विचारलं तर टोप्या, फुगे, फ्लेक्स, केक असा सगळा हिशेब पाच हजारांवर गेला.

तायांनो, काऊबॉय म्हणजे अमेरिकेतला गुराखी. टेक्सासमधून हजारो गुरांचे कळप हाकत रेल्वे स्टेशनपर्यंत नेणारा मजूर माणूस. हे काम तो मेक्सिकोच्या गुराख्यांकडून शिकला. टोपी उन्हासाठी, रुमाल धुळीसाठी, दोर गुरं पकडायला. त्यांच्यात काळे लोक होते, मेक्सिकन होते, आणि बहुतेक सगळे गरीब होते. सिनेमावाल्यांनी त्याला हिरो केलं. म्हणजे पोरगा जे मागतो आहे, ते आपल्या गावाच्या आखरावर रोज सकाळी उभं असते.

आता हिशेब पाहू. समजा, गटातून 5,000 रुपये घेतले, महिन्याला दोन टक्के व्याज आणि दर महिन्याला 500 रुपये मुद्दल. दहा महिन्यांत 550 रुपये व्याज जाते. एका संध्याकाळचं कर्ज फिटेपर्यंत पुढचा वाढदिवस दोन महिन्यांवर येतो. मध्येच बियाणं-खताचा किंवा दवाखान्याचा खर्च निघाला, तर हप्ता थकतो आणि गटात मान खाली घालावी लागते.

याच्या उलट करून पाहा. सहा महिने आधीपासून आठवड्याला 25 रुपये बाजूला टाकले, तर 26 आठवड्यांत 650 रुपये होतात. कर्ज नाही, व्याज नाही. या 650 मध्ये पंधरा लेकरांचा कार्यक्रम बसवू.

खाण्याला 350 रुपये. रवा आणि गुळाचा केक कुकरमध्ये होतो. सोबत मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे, आलूचे भजे. चटणीला केशोरीची मिरची घरात आहेच, लेकरांसाठी जरा कमी टाका.

सामानाला 150 रुपये. टोपी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची करा, आदल्या दिवशी मुलांनाच करू द्या. रुमाल घरातल्या दुपट्ट्याचा. काठी प्रत्येकाच्या घरी आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावर असेल, तो खाली काढा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली लेकरं बैल सजवून घरोघरी बोजारा मागतात. ही हौस आपल्याला काही नवीन नाही.

खेळ असे घ्या. दोराचा फास करून लांबून लाकडी बैलावर टाकायचा. दोर कोणाच्या गळ्यात पडणार नाही, याकडे एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवायचं. डोळे बांधून घंटेच्या आवाजावरून "गाय" शोधायची. गुरांना कोणती हाक मारतात, त्याची स्पर्धा घ्यायची. काऊबॉयच्या नावाने प्लास्टिकची बंदूक मात्र आणू नका. आपल्या भागाने खऱ्या बंदुकांची भीती पाहिली आहे. लेकरांच्या खेळात ती नको.

उरलेले 150 रुपये पाहुण्यासाठी. पाहुणा कोण? आपल्या गावचा गुराखी. म्हणून वेळही दिवेलागणीची ठेवा, गुरं घरी आल्यावर. त्याला दुपट्टा आणि नारळ द्या आणि मुलांमध्ये बसवा. शंभर गुरांत कोणाची गाय कोणती, हे तो कसं ओळखतो? हरवलेलं वासरू कसं शोधतो? नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाकडे वाघाची चाहूल लागली की काय करतो? मुलांना विचारू द्या. मोबाईलमधल्या काऊबॉयला प्रश्न विचारता येत नाही.

एक काळजी घ्यायची. गुराख्याचा वेश घालायचा तो मानाने, नक्कल करून हसायला नाही. आपल्याकडे गोवारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं राखली. आपल्या हक्कासाठी हा समाज 23 नोव्हेंबर 1994 ला नागपूरच्या विधानभवनावर गेला, तेव्हा चेंगराचेंगरीत 114 जीव गेले. त्यात बाया आणि लेकरंही होती. त्यांची नातवंडं आज आपल्याच लेकरांसोबत शाळेत बसतात. पार्टीला त्यांनाही बोलवा. आणि गुराख्याची चराई तुमच्याकडे थकली असेल, तर आधी ती द्या, नारळ नंतर.

मुलीचा वाढदिवस असेल, तरी हेच सगळं करा. शेळ्या चारायला पोरगी चालते, तर टोपी घालायलाही चालली पाहिजे.

शेवटी एक विनंती. वाढदिवसाला कर्ज द्यायचं की नाही, हे मी सांगणार नाही, तो अधिकार गटाचा आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने यावर चर्चा करावी आणि ठरेल ते ठराववहीत लिहावं. ज्यांच्या घरी सहा महिन्यांत वाढदिवस आहे, त्यांनी या आठवड्यापासून 25 रुपये वेगळ्या डब्यात टाकायला सुरुवात करावी. मला तारीख कळवा, पुठ्ठ्याच्या टोप्या कापायला मी येते.