आमचा घोऱ्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावी, १९८३ ची तुकडी.)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'श्रद्धांजली' असं छापलंय. ज्याच्याविषयी बोलायचं तो आज असता तर या हॉलमध्ये बसलाच नसता. भाषणं सुरू झाली की तो बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभा राहायचा आणि जेवणाची पानं मांडली की बरोबर आत यायचा. मागच्या मेळाव्यात त्यानं हेच केलं होतं. अध्यक्षांचं भाषण चालू असताना खिडकीतून मला खुणा करत होता, की बाहेर ये, घार घरटं बांधतेय.

हजेरीपटावरचं त्याचं नाव घेतलं तर आपल्यातल्या निम्म्यांना कोण ते कळायचं नाही. आपल्याला तो 'घोरपड' म्हणून माहीत, आणि लाडानं 'घोऱ्या'. हे नाव सातवीत पडलं. क्रिकेटचा चेंडू शाळेच्या कौलांवर गेला आणि हा पावसाळी पन्हाळीचा पाइप धरून वर चढला. खाली उतरताना इतिहासाच्या सरांच्या हातात कान सापडला. सरांनी त्याला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाले, "सिंहगडावर घोरपड लावून चढल्याच्या गोष्टीला पुरावा नाही असं मी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला माझे शब्द मागे घ्यावे लागणार असं दिसतंय." सर इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, ते नाव त्याला शेवटपर्यंत चिकटलं. वीज मंडळात वायरमन म्हणून लागला तेव्हा तिथल्या लोकांनाही त्यानं स्वतःच सांगितलं, मला घोऱ्या म्हणा.

आमची घरं एका भिंतीची. वाड्याचे दोन भाग, मधे मातीची जाड भिंत, तिच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, आणि हा जन्मला त्यानंतर आठ दिवसांनी. त्याची आई, आमच्या काकू, म्हणायच्या, "जमिनीनंच हलवून पाठवलाय याला, हा घरात ठरायचा नाही." आणि खरंच ठरला नाही. पाचवीपासून पहाटे साडेचारला माझ्या उशाशी भिंतीवर तीनदा टकटक व्हायची. मी उलट एकदा टकटक केली की 'येतो', दोनदा केली की 'आज नाही'. दोनदा मी फार वेळा करायचो. तो तरी पाच मिनिटांनी पुन्हा वाजवायचा.

मग आम्ही अजिंक्यताऱ्यावर जायचो. साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा म्हणजे अंगणच. शहरापासून जेमतेम तीनशे मीटरचा चढ. पण पहाटेच्या अंधारात, बॅटरी न घेता, दहा-अकरा वर्षांच्या पोरांना तो केवढा वाटतो ते विचारा. बॅटरी घ्यायची नाही हा त्याचा नियम. "उजेड घेतलास की तेवढंच दिसतं," म्हणायचा. वर पोचलो की फटफटायचं. मग तो एकेक डोंगर बोटानं दाखवायचा : हा जरंडा, तो कल्याणगड, ते चंदन-वंदन, मागे सज्जनगड. मला रोज तेच डोंगर तेच वाटायचे. त्याला रोज काहीतरी वेगळं दिसायचं. साडेसहाला खाली, सातला आंघोळ, आणि पहिल्या तासाला मी पेंगायचो. गणिताच्या बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकात 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा मारला होता. बाई, त्याचं कारण तुम्हाला आज कळलं.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं सायकली हाणत नांदगिरीला गेलो, कल्याणगड चढायला. ज्यांनी तो किल्ला पाहिला असेल त्यांना तिथली गुहा माहीत असेल. आत पाणी, मिट्ट काळोख, आणि त्या पाण्यातून चालत गेलं की शेवटी दत्ताची आणि पार्श्वनाथाची मूर्ती. मेणबत्ती चार पावलांत विझली. पाणी मांडीपर्यंत आलं आणि मी जागच्या जागी थिजलो. पुढे जाईना, मागे वळेना. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "पाय उचलू नकोस. तळाला घासत ने. खड्डा असला तर आधी पायाला कळेल." असं घासत घासत आम्ही मूर्तींपर्यंत गेलो आणि परत आलो. घरी मी सांगितलं की घोऱ्या घाबरला होता. त्यानं काकूंसमोर माझ्या म्हणण्याला दुजोरा दिला.

तो संत नव्हता हेही सांगायला हवं. वहिनी समोर बसल्यात, मी लपवून उपयोग नाही. रविवार आपल्या नशिबातच नाही असं त्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आल्या. सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्याला हा पोचला नाही. आदल्या दिवशी वासोट्याला गेला होता. बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडून जावं लागतं, येताना लाँचचं इंजिन मधेच बंद पडलं. घरी आल्यावर माफी मागायची सोडून तो पाण्यावरून चंद्र कसा उगवला ते सांगत बसला. भावानं वर्षभर अबोला धरला. पैशाच्या बाबतीत चिकट होता. एकच बूट तीनदा सोल लावून वापरायचा. आणि गडावर कोणी वेफर्सचं पाकीट टाकलं की त्या माणसाच्या मागे मागे चालत जाऊन ते परत त्याच्या हातात द्यायचा. त्यापायी दोनदा मारामारीची वेळ आली. दोन्ही वेळा मधे मी पडलो.

नोकरीत मात्र त्याचं हे वेड कामाला आलं. जावळीच्या खोऱ्यात पावसाळ्यात तारा तुटल्या, झाडं पडली की बाकीचे पाऊस ओसरायची वाट बघायचे. याला वाटा पाठ. खांद्यावर दोरी आणि कमरेला पक्कड लावून हा रात्री निघायचा. कितीतरी वाड्यांवरची म्हातारी माणसं त्याला 'लाइटवाला' म्हणून ओळखायची. तो गेल्यावर पंधरा दिवस ती माणसं एसटीनं येत होती. कोणी तांदूळ घेऊन, कोणी नाचणी घेऊन. वहिनींना कळेना की पिशव्या ठेवायच्या कुठे.

आता जे सांगायचंय त्यासाठी खरं तर मी आज उभा राहिलो.

आमच्या परसात, माझ्या बाजूला, एक उंबर होता. आपल्यातले जे घरी यायचे त्यांना आठवत असेल. खोड माझ्याकडे आणि निम्म्या फांद्या त्याच्या कौलांवर. घोऱ्याच्या वहीत त्या एका झाडावर आलेल्या पक्ष्यांची यादी आहे. अठरा नावं आहेत. तांबट, बुलबुल, कोकीळ, आणि खाली एक ओळ : 'रात्री वटवाघळं, मोजता आली नाहीत.' २००९ साली आम्ही आमची बाजू विकसित करायला दिली. नकाशात त्या उंबराच्या जागी दोन गाड्यांचं पार्किंग होतं. घोऱ्या नकाशा घेऊन आला, माझ्या ओट्यावर बसला आणि पेन्सिलीनं दाखवलं की पार्किंग दुसऱ्या बाजूला सरकवलं तर झाड वाचतं. एक गाडी कमी बसेल एवढंच. मी म्हटलं, "बघतो." बघायला माझ्याकडे दोन महिने होते. मी कोणाशीही बोललो नाही. परवानगी निघाली, सगळं कागदोपत्री नीट होतं. ज्या दिवशी झाड पाडायचं ठरलं त्या दिवशी मी मुद्दाम कोल्हापूरला गेलो. तिथे काम काहीच नव्हतं. दिवसभर रंकाळ्यावर बसून राहिलो.

संध्याकाळी परत आलो तर तो आपल्या दारात बसलेला. एक शब्द बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भिंत तर आधीच पाडली गेली होती, त्यामुळे टकटक बंद झाली ती दोन कारणांनी. दोन वर्षं आम्ही रस्त्यात भेटलो की 'काय कसं काय' एवढंच. सणाला फराळाची ताटं जायची यायची, ती बायकांनी सांभाळली म्हणून.

२०११ च्या जुलैमध्ये एका पहाटे माझ्या फ्लॅटचं दार वाजलं. बेल असताना वाजलं. तीनदा. दार उघडलं तर हा रेनकोट घालून उभा, हातात तेलाचा जुना डबा आणि डब्यात वीतभर उंबराचं रोप. त्याच्या मागच्या भिंतीच्या फटीत उगवलं होतं. पाखरांनी बी टाकलेलं, म्हणजे त्याच झाडाचं असणार, असा त्याचा हिशोब. म्हणाला, "चल. खड्डा तू खणायचास." किल्ल्याच्या पायथ्याला एका ओघळीच्या काठी आम्ही ते लावलं. खणताना माझ्या हाताला फोड आले. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. मग म्हणाला, "उन्हाळ्यात ओघळ आटते. दोन उन्हाळे पाणी तू घालायचंस. एक दिवसाआड. मी मोजणार." ही माझी शिक्षा होती, आणि त्यानंतर त्या विषयावर तो कधीच बोलला नाही. दोन उन्हाळे मी पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन चढलो. बँकेतले लोक विचारायचे, साहेब, वजन कमी करताय का? मी हो म्हणायचो.

मी त्याला 'चुकलं' असं तोंडानं कधी म्हटलं नाही. वाटायचं, पाणी घालतोय ते दिसतंयच की. पण म्हणायला हवं होतं. ते आज वहिनींसमोर आणि त्याच्या लेकीसमोर म्हणतो. माझं चुकलं.

त्याचं दुखणं निघालं ते पोटाचं, आणि निघालं तेव्हा उशीर झालेला होता. सप्टेंबरात त्यानं हट्ट धरला की कासला जायचं. डॉक्टर नको म्हणत होते, लेक म्हणाली जाऊ दे बाबांना. आम्ही शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गाडीनं गेलो. कासला जाऊन तुम्ही फुलांचे गालिचे पाहिले असतील. त्याला गालिच्यात गोडी नव्हती. त्याला एकेक फूल हवं. जांभ्याच्या सड्यावर बोटभर माती, त्यात पाणी साठतं, खायला काही नाही, म्हणून तिथली काही झाडं किडे धरतात. निळी-जांभळी 'सीतेची आसवं' किती नाजूक दिसतात, पण त्यांच्या मुळाशी इवल्या पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले जीव ओढले जातात. डबक्यात उभा असलेला वायतुरा त्यानं मला दाखवला. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे याचा त्याला असा अभिमान, जसा काही बारशाला तोच हजर होता.

त्याला चालवत नव्हतं. माझ्या खांद्यावर भार टाकून तो पायवाटेनं वीस-पंचवीस पावलं गेला असेल. एका जागी ओल होती, तो थांबला. मी म्हटलं, "पाय उचलू नकोस. घासत ने." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लेका, घाबरला होतास तू."

तिथेच एक तरुण जोडपं फोटोसाठी फुलांत शिरलं होतं. मला वाटलं, आता हा ओरडणार, आणि आता मधे पडायला माझ्यात तरी कुठे जोर राहिलाय. पण तो हळूच म्हणाला, "ताई, पायाखाली बघा. तिथं शिकार चाललीय." ती मुलगी दचकून मागे सरकली. मग त्यानं दोघांना वाकायला लावून दवबिंदूचं झाड दाखवलं, लाल केसांवर चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेली चिलटाएवढी माशी. दहा मिनिटं त्यांचा वर्ग घेतला. सलाइनच्या सुया टोचून काळंनिळं झालेलं त्याचं मनगट ती मुलगी बघत होती हे मला दिसलं. त्याला नाही दिसलं. जाताना ती दोघं वाटेवरून गेली.

परतताना गाडीत त्यानं वही काढायला सांगितली. तो सांगेल ते मी लिहायचं. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तिच्या पुढच्या फुलोऱ्याचा हिशोब तो बोटांवर करत होता. "तेव्हा आपण साठी ओलांडलेली असेल," म्हणाला. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाला, "तू लिहून ठेव. विसरशील." डिसेंबरात तो गेला. वाढदिवसाला पाच दिवस राहिले होते.

वही वहिनींनी मला दिली आहे. बाहेर टेबलावर ठेवली आहे, चहाच्या वेळी बघा, पण चहाचे हात लावू नका.

आता शेवटचं. तो उंबर आता दोन पुरुष उंचीच्या वर गेलाय, आणि या वर्षी त्याला पहिल्यांदा फळं धरली. मागच्या आठवड्यात मी तिथे तांबट ऐकला. उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत आठ वाजता नाष्टा आहे, त्याच्या आधी काहीच नाही. बाहेरगावचे सगळे एकाच लॉजवर उतरला आहात ते बरंच झालं. पहाटे साडेचारला मी खोल्यांची दारं वाजवीन. तीनदा. येणार असाल तर आतून एकदा वाजवा. दोनदा वाजवणाऱ्यांकडे मी पाच मिनिटांनी पुन्हा येईन. सर आणि बाईंनी काळजी करू नये, किल्ल्यावर गाडीचा रस्ता आहे, उंबर बघून झाला की आपण वरच भेटू. बॅटऱ्या मात्र खोलीतच ठेवा.